वाचन माझे, अर्थ हैबतरावांचा

माले गावच्या मारुतीला मराठी वाङ्मयात जागा मिळवून द्यावी अशी माझी फार इच्छा होती. झालं उलटंच. माझ्या वाङ्मयाला मारुतीपुढे जागा मिळाली. याला मी जबाबदार नाही. जबाबदार कोणी असलंच, तर आमच्या घरचा चहा.

मी माल्याच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. गाव मला 'डागदर' म्हणायचं, कारण खरे डॉक्टर पौडाहून अधूनमधूनच यायचे आणि तेही बहुधा गुरं बरी झाल्यावर. दिवसभर बैलाच्या घशात बांबूच्या नळकांड्याने औषध ओतणाऱ्या माणसाने संध्याकाळी कादंबरी लिहू नये, असा काही सरकारी नियम नाही. (पुढे तसा नियम निघाला. पण ते पुढे.) गावात आणखी दोन साहित्यिक होते. सप्रे मास्तर कविता करत. घाणेकर तलाठी शिकारकथा लिहीत. वाघ त्यांनी सर्कशीत पाहिला होता, तोही बसलेला. असे आम्ही तिघे मिळून 'माले साहित्य मंडळ' झालो. दर शनिवारी अर्धी रजा, म्हणून शनिवारी दुपारी बैठक. प्रत्येकाने आपलं वाचावं आणि इतरांनी निर्भीड टीका करावी असा नियम होता. पहिला भाग आम्ही काटेकोरपणे पाळत असू.

बैठका आमच्या ओसरीवर भरत. घाणेकरांचा वाघ पिंजऱ्यातून सुटेपर्यंत चहाच्या तीन फेऱ्या होत. आषाढ लागला, साखर महागली आणि एका शनिवारी आमच्या हिने दारात उभं राहून सांगितलं की साहित्य हवं तेवढं करा, पण बाहेर करा. मी दुखावलो. पण दुखावलेल्या माणसालाही बसायला कोरडी जागा लागते, आणि मुळशीच्या आषाढात गावात कोरडी जागा एकच, मारुतीचं देऊळ.

आता त्या दिवशी काय काय जुळून आलं ते पाहा. वार शनिवार. महिना आषाढ, म्हणजे गावोगाव पोथ्या लागण्याचे दिवस. माल्यात पोथी वाचणारे गेणबा डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून मुंबईला लेकाकडे गेले होते, त्यामुळे यंदा पोथी लागलीच नव्हती आणि सगळं गाव मनातून धास्तावलेलं होतं. माझी कादंबरी भिजू नये म्हणून हिने ती गादीच्या जुन्या अभ्र्याच्या लाल कापडात बांधून दिली होती. फरशीला ओल होती, म्हणून मी तिच्याखाली पाट ठेवला. भरदुपारी अंधारून आलं, म्हणून घाणेकरांनी देवळातली समई लावली. आणि आम्ही तिघे शिकलेसवरलेले गृहस्थ मांडी घालून बसलो.

इतक्यात डोक्यावरचं इरलं बाहेर उतरवून साळूबाई आत आल्या. गावातल्या मोठ्या शेतकरी घरातल्या, हैबतरावांच्या घरधनीण. त्यांनी माझ्या लाल कापडाला हळदकुंकू वाहिलं, पहिल्या प्रकरणावर चार अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि खांबाला टेकून बसल्या. मी घाणेकरांच्या कानात म्हटलं की चला, वाचकवर्ग निर्माण झाला. मला त्या अक्षतांचा अर्थ कळला नाही. माझं सगळं लक्ष पहिल्या वाक्याकडे होतं.

पुढच्या शनिवारी देऊळ भरलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, दाराशी वाडीवरची माणसं. खुद्द हैबतराव पागोटं बांधून आले आणि पाटाच्या उजव्या अंगाला, जिथे सप्रे मास्तर बसले होते तिथे, मास्तर उठण्याची वाट पाहत उभे राहिले. मास्तर उठले. हैबतराव बसले आणि म्हणाले, "चालू द्या." मी घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, "प्राचीच्या भाळी अरुणाने कुंकुमतिलक रेखिला, आणि सुनंदेच्या नेत्रकमलांच्या पाकळ्या हळुवार उमलल्या."

हैबतरावांनी हात वर केला. मी थांबलो. ते लोकांकडे वळून म्हणाले, "म्हंजी सकाळ झाली. सुनंदा उठली."

"व्हय," असं सगळं देऊळ म्हणालं.

त्या एका वाक्यासाठी माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती. मी पुढचं वाक्य वाचलं, त्याचंही तेच झालं. माझं पानभर चांदणं हैबतरावांनी "रात झाली" म्हणून उरकलं. माझ्या नायकाच्या, विनायकाच्या, अंतःकरणातलं वादळ "त्याला काय सुदरंना" एवढ्यात शमलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पोथी म्हटली की एक वाचणारा लागतो आणि एक अर्थ सांगणारा लागतो. गेणबा वाचायचे तेव्हाही अर्थ हैबतरावच सांगायचे. गावाने माझी कादंबरी पोथी म्हणून लावली होती, आणि एकदा लावलेली पोथी समाप्तीशिवाय सोडली तर गावाला बाधते.

वाचन झाल्यावर मी हैबतरावांना बाजूला घेऊन समजावलं. हे पोथीबिथी नाही, ही पुण्यातल्या दोन तरुण जिवांची कहाणी आहे, मी स्वतः लिहिलेली आहे, आणि ती मराठीतच असल्यामुळे तिचा अर्थ सांगण्याची गरज नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डागदर, तुमी तुमचं वाचा. अर्थ माज्यावर सोडा. बापाच्या मागारी म्याच सांगतुया." आणि पागोटं सावरून निघून गेले.

मानी माणसाने त्याच दिवशी कादंबरी बगलेत मारून घर गाठलं असतं. मी तसा मानी आहे. पण खरं सांगतो, मला ते जमलं नाही, कारण तोपर्यंत मी त्या माणसांना ऐकताना पाहिलं होतं. बाहेर पत्र्यावर पाऊस ताशा बडवत होता आणि आत कोणी खोकत नव्हतं. तान्ही पोरंसुद्धा आयांच्या मांडीवर गप्प होती. दिवसभर चिखलात लावणी करून आलेली माणसं, डोळे मिटायला टेकलेली, पण सुनंदेला सासूने टोमणा मारला तेव्हा सगळ्या देवळाने एकदम श्वास घेतला. तो श्वास मी ऐकला. पूर्वी एकदा पुण्यात मी वाचलं होतं, तेव्हा लोकांनी घड्याळं पाहिली होती. इथे माणसं माझ्या सुनंदेसाठी श्वास रोखून बसली होती. आपण लिहिलेलं कुणीतरी खरं मानतं, हे फार भीतिदायक सुख आहे. मी त्याला भुललो.

मग श्रावण आला आणि सल्ले सुरू झाले. सप्रे मास्तरांच्या टीकेला मी कधी भीक घातली नव्हती, पण या टीकेपुढे इलाज नव्हता. सुनंदेला नागपंचमीला माहेरी का धाडलं नाही, असं मला विहिरीवर विचारण्यात आलं. विनायकाला क्षय झाल्याचं कळताच गावातल्या रंभाबाई दवाखान्यात आल्या आणि त्याला शेळीचं दूध चालू करा म्हणाल्या. पुढच्या शनिवारी शेळीच्या दुधाची लोटी पोथीपुढे हजर. ते मीच प्यालो, विनायकाच्या वतीने. माझी प्रकृती सुधारली आणि विनायकाचीही मला सुधारावी लागली. कादंबरीतली सासू एवढी अप्रिय झाली की तिच्या उल्लेखासरशी दाराशी बसलेला चिंधू बाहेर जाऊन थुंकून येई.

सप्रे मास्तरांना हे सहन होईना. मंडळ तिघांचं आहे, वाचन तिघांचं व्हायला हवं, असा त्यांनी मुद्दा काढला. तेव्हा एका शनिवारी आरंभी त्यांची 'हे विफल वासंतिक स्वप्ना' ही कविता झाली. ती आठ कडव्यांची होती आणि प्रत्येक कडव्याशेवटी 'हे विफल वासंतिक स्वप्ना' ही ओळ पुन्हा येत होती. दुसऱ्या कडव्यापासून लोक उभे राहिले, तिसऱ्यापासून टाळ्यांचा ठेका धरला, आणि सहाव्याला कुणीतरी घंटा वाजवली. संपल्यावर मास्तरांच्या हातात कापराचं तबक आलं. तेव्हापासून दर शनिवारी ती म्हणायची असंच ठरून गेलं. मास्तर तोंड पाडून म्हणत, पण चाल त्यांनी हळूहळू सुधारून घेतली हे मी पाहिलं आहे.

भाद्रपदात वरच्या कचेरीतून मेमो आला. सरकारी नोकर असून सार्वजनिक ठिकाणी धार्मिक प्रवचने करता, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला की हे धार्मिक नसून प्रेमविषयक आहे. त्यावर दुसरा मेमो आला. पूर्वपरवानगीशिवाय प्रेमविषयक लिखाण केल्याचा खुलासा करावा, आणि सदर लिखाणाचा गुरांच्या आरोग्याशी काय संबंध आहे तेही कळवावे. मी लिहिलं की काही संबंध नाही. हे उत्तर समाधानकारक मानलं जाईल अशी माझी भाबडी समजूत होती. पत्रव्यवहार सुरूच राहिला.

पण हे सगळं किरकोळ. खरा घोर मला हिने लावला.

एका दुपारी ही पाणवठ्यावरून आली ती हंडा न उतरवताच बोलू लागली. हैबतरावांची सून गोजरा, खांबाशी साळूबाईंच्या मागे पदर ओढून बसायची ती, दिवसांत होती. आधीची दोन बाळंतपणं माहेरी झाली होती आणि दोन्ही मुलं हाती लागली नव्हती. दुसऱ्या वेळी तर तीच जाता जाता राहिली. या खेपेला सासूने तिला माहेरी पाठवलं नाही. साळूबाईंनी मारुतीपुढे नेम धरला होता की सून अख्खी पोथी ऐकेल, समाप्तीचं तीर्थ घेईल आणि मग बाळंत होईल. पोथी सुखरूप तर सून सुखरूप. म्हणून तर पहिल्या दिवशी त्या अक्षता.

"आणि तुमची सुनंदा?" ही म्हणाली.

मी खाली बसलो. माझी सुनंदा शेवटच्या प्रकरणात बाळंतपणात मरत होती.

आणि साधीसुधी मरत नव्हती. तो माझ्या कादंबरीचा कळस होता. ही स्वतः तो ऐकून पदराने डोळे पुसत उठली होती, आणि त्या अश्रूंवरच मी पुढची सारी उमेद बांधली होती. तिकडे गावाला सुनंदेला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. पुढच्या शनिवारी बायकांनी गोजराची ओटी भरली आणि सुनंदा जातीने हजर नसल्यामुळे तिची ओटी पोथीवर भरली. खण, नारळ, तांदूळ. माझ्या हस्तलिखिताच्या मांडीवर नारळ ठेवलेला पाहून मला घाम फुटला. गोजरा पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहून हसली. दोघींचं बरोबरच आहे, असं ती साळूबाईंना हळूच म्हणाल्याचं मी ऐकलं.

मंडळाची तातडीची सभा झाली. घाणेकर म्हणाले की सुनंदेला वाघाने न्यावं, म्हणजे बाळंतपणाचा प्रश्न उरत नाही. सप्रे मास्तर म्हणाले की शेवट बदलणं म्हणजे वाङ्मयाशी व्यभिचार; सुनंदा जगली तर ती कादंबरी नव्हे, पंचांग. मला ते पटत होतं, हीच तर पंचाईत. तरीही मी दुपारी दवाखान्यात बसून सुनंदेला वाचवायला घेतलं. पुण्याहून मोठे डॉक्टर बोलावले, तर त्यांची मोटार वाटेत बंद पडली. मी पाडली नव्हती, ती आपोआप पडली. सुईण आणली, तिला आंधळी करून बसलो. एकदा तर सुनंदा चक्क उठून बसली, पण पुढल्याच परिच्छेदात 'क्रूर काळाने' असे शब्द लेखणीतून आले आणि संपलं. एवढी वर्षं मी शोकान्ताचाच सराव केला होता. माणूस जगवायचा कसा, ते मला येत नव्हतं.

मग पळवाटा शोधल्या. पोथी थांबवावी, तर अर्धवट पोथी बाधते. समाप्तीला गोजराला तेवढं घरी ठेवा, असं साळूबाईंना सुचवलं, तर त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मी घाईने त्यांच्या म्हशीची चौकशी केली. शेवटी समाप्तीच्या आदल्या दिवशी हैबतरावांच्या खाचरावर गेलो. भात कापणीला आला होता. बांधावर ते विळ्याला धार लावत बसले होते. मी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि म्हटलं की पोथीचा शेवट जरा जड आहे.

त्यांचा हात थांबला. कापायला वाकलेल्या बायकांकडे त्यांनी पाहिलं. गोजरा त्यांच्यात नव्हती. ती झाडाखाली भाकरीच्या टोपलीशी बसली होती.

"जड कंच्या पोथीत न्हाई?" ते म्हणाले. "तुमी वाचा."

समाप्तीच्या दिवशी देवळाला झेंडूचं तोरण लागलं. पुरणाचा वास थेट गाभाऱ्यात येत होता. सप्रे मास्तरांची आरती झाली. मी लाल कापड सोडलं आणि पाहिलं, तर गोजरा खांबाशी नव्हती. तिला आज पुढे, पाटासमोर बसवलं होतं. चेहरा उतरलेला, एक हात पोटावर, डोळे माझ्या तोंडाकडे.

मी वाचत गेलो. प्रकरण शेवटचं. कळा, धावपळ, वादळी संध्याकाळ. प्रत्येक वाक्याला हैबतरावांचा हात वर होत होता आणि खाली येत होता. आणि मग ते वाक्य आलं. ते गाळावं असं मनात येत होतं, पण मी वाचणारा होतो, आणि समोरच्या पानावर तेच होतं. मी वाचलं, "आणि त्या कातरवेळी सुनंदेची जीवनज्योत थरथरली, आणि अनंताच्या तेजात विलीन होऊन गेली."

हैबतरावांचा हात वर झाला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर त्यांनी पोथ्या ऐकल्या होत्या, किती राजे अनंतात विलीन होताना त्यांनी गावाला समजावून दिले होते. त्यांना कळलं नसेल असं मी एक क्षणही मानत नाही. गोजराचा हात पोटावर घट्ट आवळला होता. समईची वात तडतडली. मग हैबतरावांनी सावकाश हात वर केला आणि लोकांकडे वळून, नेहमीच्याच आवाजात म्हणाले,

"म्हंजी सुनंदा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली."

"व्हय," असं सगळं देऊळ म्हणालं.

सप्रे मास्तर उठायला लागले. वाङ्मयाच्या बाजूने त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण घाणेकर तलाठी त्यांच्या धोतराच्या सोग्यावर भक्कम बसले होते, आणि त्यांच्या साऱ्या साहित्यसेवेत याच कामगिरीबद्दल मला त्यांचा खरा आदर वाटतो.

मला मात्र अजून चार पानं विलाप वाचायचा होता. मी वाचला. "विनायकाने हृदयभेदी हंबरडा फोडला." म्हंजी बाप झाला, आनंदानं रडला. "त्याच्या जीवनाचे नंदनवन उद्ध्वस्त झाले." म्हंजी आता घरात पोरगी धिंगाणा घालनार. "दाही दिशा शून्यवत भासू लागल्या." म्हंजी त्याला बायकोपोरीबिगर काय दिसंना. मी एक ओळ शोकाची वाचावी आणि शेजारच्या म्हाताऱ्याने ती उचलून घरात दिवा लावावा, असं शेवटपर्यंत चाललं. माझा गळा भरून आला, तोही लोकांनी आनंदाचाच धरला. गोजरा तोंडावर पदर धरून रडत होती आणि हसत होती. एवढी माणसं आणि एवढं मोठं खोटं, आणि ते बोलणारा माणूस समईसारखा स्थिर. मी आयुष्यात काही थोर पाहिलं असेल तर ते तेव्हा, त्या उजव्या अंगाला बसलेलं.

नारळ फुटला. गोजराने तीर्थ घेतलं. हैबतरावांनी माझ्या खांद्यावर उपरणं घातलं आणि वाचन चांगलं झालं म्हणाले. मग ते पुरणपोळ्यांच्या पंगतीची व्यवस्था बघायला गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. एका बैलाचं औषध मी दुसऱ्या बैलाला पाजलं. अखेर एका सकाळी साळूबाई गूळ घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. गोजरा बाळंत झाली होती. मुलगी. दोघी बऱ्या होत्या. हिने गूळ घेतला आणि माझ्यादेखत रडली. कादंबरी ऐकतानाही ती एवढी रडली नव्हती, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

बारशाला मला आणि हिला पाटावर बसवलं. बायकांनी पाळणा म्हटला, आणि नाव ठेवायची वेळ आली तशा साळूबाई माझ्याकडे वळल्या.

"डागदर, सुनंदेच्या लेकीचं नाव काय ठिवलं वो पोथीत? तेवढं वाचायचं ऱ्हायलं. आमी म्हटलं, तेच हिचं ठिवावं."

माजघरभरची सगळी माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी हैबतरावांकडे पाहिलं. ते आढ्याकडे बघत होते. बरोबर होतं त्यांचं. हे वाचणाऱ्याचं काम होतं. माझ्या कादंबरीत आई मेली तिथेच मूलही मेलं होतं, त्याला नाव ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. मागून सप्रे मास्तर कानाशी कुजबुजले, "मृणालिनी. नाहीतर शर्वरी." माझ्या डोक्यात माझी सगळी अलंकारांनी लगडलेली पानं फडफडली. त्यात मला पहिल्या शनिवारचं पहिलं वाक्य दिसलं, सुनंदेची ती उमलणारी नेत्रकमलं. मी पाळण्यात वाकून पाहिलं. पोरगी जागी होती.

"कमळ," मी म्हणालो.

सवयीने हैबतरावांचा हात वर गेला. माणसं त्यांच्याकडे वळली. त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला. त्या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही.